बोटं राखून

छापखान्यात तिला सगळे ‘चाळणी’ म्हणायचे. हाताखालून एक चूक निसटायची नाही, म्हणून. “अहो, चाळणीला भोकंच भोकं असतात,” ती म्हणायची, “नाव ठेवायचं तर जरा विचार करून तरी ठेवा.” पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

तो छापखाना अंधांसाठी पुस्तकं काढायचा. जस्ताच्या पातळ पत्र्यावर यंत्रानं टिंबं उठवायची, त्या पत्र्यावरून आधी एकच कागद दाबून काढायचा आणि तो कागद तपासायला तिच्या टेबलावर यायचा. सहाव्या वर्षी तापात तिची दृष्टी गेली होती; आता ती बावन्न वर्षांची होती. समोर मास्तर बसायचे. ते शाळेतून निवृत्त झालेले आणि डोळस. मूळ पुस्तक ते मोठ्यानं वाचायचे, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि तिची दोन्ही हातांची पहिली बोटं ओळींवरून पळायची. कुठे खटकलं की ती टेबलावर टिचकी मारायची. मास्तर थांबून चिठ्ठी लिहायचे, आणि मग पत्र्यावरचं ते चुकीचं टिंब बारक्या हातोडीनं ठोकून सपाट केलं जायचं. असं चौदा वर्षं चाललं होतं. मधल्या वेळात दोघं भांडायचे. मास्तरांचा श आणि ष एकच ऐकू येतो अशी तिची तक्रार, आणि ती चहात बिस्किट बुडवून बोलत बसते अशी त्यांची.

ज्या वर्षी शरीररचनेचं पुस्तक कामाला आलं, त्या वर्षी ती थकायला लागली. फिजिओथेरपी शिकणाऱ्या अंध मुलांसाठी ते पुस्तक होतं, अकरा भागांचं, आणि त्यात हाडांच्या, स्नायूंच्या, आतड्यांच्या आकृत्यासुद्धा बोटांना लागतील अशा उठावाच्या. तिसऱ्या भागात असताना छापखान्याचा जिना चढताना तिला धाप लागू लागली. पोट चार दिवस गच्च, चार दिवस ढिलं. वय झालं, म्हणून तिनं सोडून दिलं. पण तिचे कपडे दुसऱ्यांदा आत घ्यायची वेळ आली तेव्हा वहिनीनं शिवण खाली ठेवली आणि तिला हाताला धरून इस्पितळात नेलं.

आई-वडील गेल्यापासून ती दादा-वहिनीकडेच राहायची. दादाचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं. तिच्याहून तो पाच वर्षांनी मोठा. तिचं घरातलं नाव चिमी, आणि बावन्नाव्या वर्षीही तो तिला हाक मारायचा ती ‘चिमे’ अशीच. तपासण्यांचे निकाल आले ते त्याच्याच हातात. मोठ्या आतड्यात गाठ होती, आणि यकृतात दोन्ही बाजूंना डाग पसरले होते, त्यामुळे शस्त्रक्रिया करून सगळं काढता येण्यासारखं नव्हतं. औषधांनीच काय ते करायचं होतं.

डॉक्टर चाळिशीच्या, कामाला वाघ, पण बोलणं सगळं दादाशी चाललं होतं. तिला याची सवय होती. दुकानदारसुद्धा वहिनीला विचारायचे, यांना कुठला रंग हवाय? दादा गहिवरून गेला होता. तो पुन्हा पुन्हा एकच सांगत होता की डॉक्टर, सगळ्यात जोरकस असेल ते द्या, हातचं राखून काही ठेवू नका. डॉक्टरांनी सांगितलं की दर तीन आठवड्यांनी एक सलाईनमधून द्यायचं औषध आणि चौदा दिवस घरी घ्यायच्या गोळ्या, म्हणजे फेऱ्या कमी होतील, ताईंना त्रास कमी. मग संमतीचा कागद आला. तिला सही येते का, हे कुणी विचारलं नाही. अंगठ्याला शाई लावून ठसा घेतला.

पहिल्या दिवशी ती लांबट आरामखुर्चीत बसली होती. शेजारी रांगेनं तशाच खुर्च्या, प्रत्येकीत कुणीतरी, आणि यंत्रांची टिकटिक. सिस्टर सूचनांचा कागद पाढे म्हटल्यासारखा वाचत होती. थंड पाणी प्यायचं नाही, फ्रीजमध्ये हात घालायचा नाही, हातापायांना मुंग्या येतील, बधिरपणा येईल, गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होतील, सालं निघतील.

“थांबा,” ती म्हणाली. “सालं बोटांचीही निघतात?”

“पुष्कळांची निघतात. त्यावर क्रीम देतो आम्ही.”

“आणि बधिरपणा? तो जातो नंतर?”

“बऱ्याच जणांचा हळूहळू जातो. काहींचा राहतो थोडा. शर्टाची बटणं लावायला जड जातं, एवढंच.”

“मी बोटांनी वाचते, सिस्टर. ते माझं काम आहे.”

सिस्टरला त्या सकाळी चौदा रुग्ण होते. तरी तिनं कागद खाली ठेवला, सलाईनची नळी होती तशी परत स्टँडला अडकवली आणि ती डॉक्टरांना बोलवायला गेली.

बाहेर बसलेला दादा आत आला तो चिडूनच. पण डॉक्टरांनी सांगितलं की आज नको, चार दिवसांनी काही बिघडत नाही, सोमवारी बाहेरचे रुग्ण संपले की या, निवांत बोलू. परतताना गाडी दादा चालवत होता. सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, “बोटं वाचवून जीव घालवायचा, असं काही आहे का तुझ्या मनात?”

“तुझे डोळे काढून घेतो आणि वर्षभर जास्त जगवतो असं कुणी म्हटलं, तर तू काय म्हणशील?”

“हो म्हणेन.”

“लगेच म्हणालास,” ती म्हणाली. “माझे डोळे गेले तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, दादा. या वेळी विचारतायत. मला जरा विचार करू दे.”

सिग्नल सुटला तशी त्यानं गाडी पुढे काढली. घरी आल्यावर वहिनीला मात्र म्हणाला की हिला कामाचं वेड लागलंय, दुसरं काही नाही.

सोमवारी जाताना तिनं छापखान्यातून एक कागद बरोबर घेतला. आतड्यांची आणि यकृताची उठावाची आकृती होती ती, तपासून झालेली. मास्तरांनी ती पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये घालून दोऱ्यानं बांधून दिली, टिंबं चेपू नयेत म्हणून.

डॉक्टरांच्या खोलीत तिनं ती टेबलावर पसरली. “दादानं पडद्यावर सगळं पाहिलंय,” ती म्हणाली. “मी अजून काहीच पाहिलेलं नाही. कुठे आहे ते दाखवता?”

डॉक्टर जागेवरून उठल्या. मग खुर्ची ओढून तिच्या शेजारी येऊन बसल्या, तिचं बोट हातात घेतलं आणि कागदावर टेकवलं. हे मोठं आतडं, उजवीकडून वर चढतं, आडवं जातं, डावीकडे उतरतं. इथे, या वळणाच्या खाली, गाठ सुरू झाली. इथून रक्तातून वर. मग तिचं बोट यकृतावर नेऊन त्यांनी पाच-सहा ठिकाणी हलकेच दाबलं. इथे. इथे. हा जरा मोठा. ती प्रत्येक जागेवरून स्वतःहून एकदा परत फिरली, ओळ दुसऱ्यांदा वाचावी तशी. दादा समोर उभा होता. पडद्यावर ते पाहताना त्यानं मान वळवली होती. बहिणीच्या बोटाखाली मात्र त्याला ते पाहावं लागलं.

“यकृत केवढं मोठं असतं,” ती म्हणाली. “तिसऱ्या भागात आम्ही याच्यावरून फार पटकन गेलो.”

“चूक माझी आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “तुमच्या कागदावर व्यवसायापुढे ‘नोकरी’ लिहिलंय. कसली, ते मी विचारलं नाही.”

मग त्यांनी सगळं नीट सांगितलं, या वेळी तिला. या आजाराला सुरुवातीला द्यायची दोन मुख्य औषधं आहेत. एक ऑक्झॅलिप्लॅटिन, जे नसांवर जातं, म्हणजे बोटांवर. दुसरं आयरिनोटेकॅन, ते बोटांना फारसं काही करत नाही, पण जुलाब होतात, कधी कधी जबरदस्त, आणि केस जातात. दोन्हींबरोबर तिसरं एक लागतं. ते गोळ्यांतून घेतलं तर हातांची कातडी सोलते. त्याऐवजी छातीत कातडीखाली एक डबी बसवून, छोट्या पंपातून सेहेचाळीस तास सावकाश दिलं, तर कातडीला त्रास पुष्कळ कमी होतो. पण मग दर दोन आठवड्यांनी यायचं, आणि पंप कमरेला अडकवून घरी जायचं. गाठीच्या रक्तवाहिन्या रोखणारं आणखी एक औषध आहे, तेही जोडीला देता येईल.

“आणखीही औषधं आहेत असं दादानं कुठेतरी वाचलं,” ती म्हणाली.

होती. एक औषध गाठीच्या वाढीचा निरोपच अडवतं, पण त्यानं अंगभर पुरळ येतं आणि बोटांची टोकं फुटतात. मात्र गाठीच्या तपासणीत एक जनुक बदललेलं निघालं होतं, त्यामुळे ते तिला लागूच पडणार नव्हतं. शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारं दुसरं एक होतं. ते काहींना फार गुण देतं, पण तिची गाठ त्या जातीची नव्हती.

“पहिली दोन,” ती म्हणाली. “त्यांतलं जोरकस कुठलं?”

“जवळपास सारखीच. एक आधी दिलं तर दुसरं नंतर उरतं. कुठलं आधी द्यायचं, हे बरेचदा सवयीवर आणि सोयीवर ठरतं.” डॉक्टर म्हणाल्या. “यातलं कुठलंही आजार मुळापासून काढणार नाही. वेळ मिळेल. किती ते मला सांगता येत नाही. महिने नक्की, बहुतेक वर्ष, कदाचित दोन.”

दादा खाली बसला. महिन्यांत मोजायची गोष्ट आहे, हे त्याला त्या क्षणापर्यंत कुणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि त्यानं ऐकलं नसेल.

“मग आधी पोटावरचं द्या,” ती म्हणाली. “बोटांवरचं नंतरला राहू दे.” आणि संमतीचा नवा कागद पुढे आला तेव्हा तिनं पेन मागितलं. सही वाकडी आली, पण आली.

पुढचे महिने सोपे नव्हते. पहिल्याच खेपेला तिसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले ते थांबेनात. सिस्टरनं बजावलं होतं की वाट बघायची नाही, पहिल्या जुलाबाला गोळी, मग दर दोन तासांनी. तिनं वाट पाहिली, आणि दोन दिवस इस्पितळात काढले. त्यानंतर ती शहाणी झाली. गोळ्यांची पट्टी कायम पदराच्या टोकाला असायची, आणि छापखान्यात तिचं टेबल स्वच्छतागृहाजवळच्या खोलीत हलवलं गेलं. मास्तर आपली खुर्ची उचलून मागोमाग गेले. केस गेले तेव्हा ती म्हणाली, “मला काय, आरसा थोडाच बघायचाय. तुम्हालाच बघायचंय, मास्तर, सोसा.” मास्तर म्हणाले की मला गेली वीस वर्षं डोक्यावर केस नाहीत, तेव्हा आता बरोबरी झाली.

पंपाच्या दिवशीसुद्धा ती कामावर यायची. पंपाच्या बाटलीत फुग्यासारखं काहीतरी असायचं, ते आवळत आवळत औषध आत ढकलायचं. बाटली कमरेला पिशवीत असायची. चौथा भाग झाला, पाचवा, सहावा. तीन महिन्यांनी स्कॅन काढलं तेव्हा यकृतातले डाग आक्रसले होते. दादानं गॅरेजमध्ये सगळ्यांना चहा पाजला, आणि घरी येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवून नुसताच उभा राहिला. तिच्या निवडीबद्दल मात्र तो अजूनही बोलला नव्हता.

अकरा महिने असे गेले. मग एका स्कॅनमध्ये डाग पुन्हा वाढलेले दिसले, दोन नवे आले. पोटावरच्या औषधाचं काम संपलं होतं.

आता बोटांवरच्याची पाळी. या वेळी दादानं आग्रह धरला नाही. तिनं डॉक्टरांशी करार केला. घेईन. पण प्रत्येक खेपेआधी बोटांची परीक्षा घ्यायची, आणि मुंग्या पुढच्या खेपेपर्यंत उतरेनाशा झाल्या की ते औषध बंद. डॉक्टर म्हणाल्या, तसंच करायचं असतं, तुम्ही नसतं सांगितलं तरी. तेव्हा ती हसून म्हणाली की मग कराराला साक्षीदार कशाला, माझी बोटंच साक्षीला आहेत.

पहिल्या चार खेपा बऱ्या गेल्या. औषधानंतर चार-पाच दिवस लोखंडी कडीला हात लागला की विजेसारखं काहीतरी सणकायचं, म्हणून वहिनीनं घरातल्या कड्यांना कापड गुंडाळलं. मग ते उतरायचं. पाचव्या खेपेनंतर पूर्ण उतरलं नाही. तिनं ते कुणाला सांगितलं नाही, डॉक्टरांच्या परीक्षेतही नाही. नवव्या भागाची चाळीस पानं उरली होती; सांगितलं असतं तर ती दुसऱ्या कुणाच्या हातात गेली असती.

पुस्तकातलं हाताचं प्रकरण चाललं होतं. मास्तर वाचत होते, ती बोटं फिरवत होती, टिचकी पडत नव्हती. मास्तरांना इतक्या वर्षांत टिंबं डोळ्यांनी वाचता यायला लागली होती. त्या दिवशी त्यांचं लक्ष उलट्या बाजूनं तिच्या कागदावर गेलं, आणि त्यांनी पुढचं वाक्य वाचलंच नाही.

“का थांबलात?”

“बाई, आधीची ओळ परत बघा.”

तिनं बघितली. “बरोबर आहे.”

“‘मनगटावरची नस’ असं आहे मुळात.”

“तेच आहे.”

मास्तरांनी चष्मा काढून ठेवला. त्याचा टक असा आवाज तिला ऐकू आला. “पाचवं टिंब उठलेलंच नाही, बाई. ‘मस’ झालंय.”

तिनं उजवं बोट पुन्हा त्या अक्षरावर ठेवलं. मग डावं. मग ओठांजवळ कागद नेऊन खालच्या ओठानं अक्षर चाचपलं. न नव्हता, म होता. एक टिंब कमी.

“याच्या आधी किती गेल्या?” तिनं विचारलं.

“माहीत नाही. मी आज पहिल्यांदा पाहिलं.”

“बरं झालं सांगितलंत,” ती म्हणाली. “न सांगता तुम्ही स्वतःच दुरुस्त करत बसला असतात, तर मी पुन्हा बोलले नसते तुमच्याशी.”

मास्तर म्हणाले की तो विचार मनात आला होता. मग तिनं त्या भागाची आधीची पंचवीस पानं काढायला सांगितली. सगळी पानं दुसऱ्या एका वाचणारीकडून तपासून घ्यावी लागतील, असं तिनं आपल्या तोंडानं जाऊन व्यवस्थापकांना सांगितलं. त्या पानांत आणखी तीन चुका निघाल्या.

बोटांवरचं औषध त्याच आठवड्यात थांबलं. डॉक्टर रागावल्या, पण थोड्याच. पाचव्या खेपेनंतर खरं सांगायला हवं होतं, म्हणाल्या. उरलेल्या पर्यायांत दोन गोळ्या होत्या. एक हातापायांना सोलून काढणारी, ती तिनं नाकारली. दुसरीनं रक्त उतरतं, थकवा येतो, ती घेतली. चार महिने ती गोळी चालली. त्या गोळीनं आजार घटला नाही, पण त्यानं घाईही केली नाही. नंतर तीही थांबवली, आणि घरी येऊन दुखणं सांभाळणारी एक परिचारिका फक्त राहिली.

कामावर जाणं बंद झालं होतं. मास्तर दुपारी घरी येऊन वाचून दाखवायचे, बहुतेक वर्तमानपत्रातल्या हरवले-सापडलेच्या जाहिराती, कारण त्यात तिला सगळ्यात मजा यायची. बोटांचा बधिरपणा थोडा कमी झाला, पूर्ण गेला नाही. मोठ्या उठावाची अक्षरं लागायची.

एका रविवारी दादा तिच्या पलंगावर येऊन बसला आणि म्हणाला, “चिमे, मला शिकव.”

“काय?”

“हे टिंबांचं.”

अठ्ठेचाळीस वर्षांत त्यानं हे पहिल्यांदा विचारलं होतं. तिनं त्याचं बोट हातात धरलं आणि ‘क’वर ठेवलं. दोन टिंबं, एकाखाली एक, मध्ये जागा. दादा डोळे घट्ट मिटून बसला. काहीच लागत नव्हतं. गॅरेजमध्ये चाळीस वर्षं नट-बोल्टचे पाने फिरवून त्याची कातडी टायरसारखी झाली होती. तिनं बोट उलटसुलट चाचपून पाहिलं आणि ती पोट दुखेपर्यंत हसली.

“तुझ्या बोटांना औषधाआधीच औषध झालंय,” ती म्हणाली.

तरी तो रोज अर्धा तास बसायचा. दहाव्या-बाराव्या दिवशी त्याला ‘क’ लागला. मग ‘ल’. पुढे फार गेलं नाही.

ती गेली ती सकाळी, चहा थंड होत असताना, वहिनी उशी नीट करत होती तेव्हा. पहिल्या निकालापासून सव्वीस महिने झाले होते.

काही दिवसांनी दादा इस्पितळात गेला. उरलेली औषधं परत द्यायची होती, पण खरं कारण ते नव्हतं. त्यानं डॉक्टरांना विचारलं की मी म्हणत होतो ते आधी दिलं असतं, तर ती जास्त जगली असती का?

“मला तसं वाटत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “मोठ्या अभ्यासांत फरक दिसलेला नाही. पण अभ्यासांत शेकडो माणसं असतात, तुमची बहीण एकटी होती. तिच्यापुरतं खात्रीनं कुणालाच सांगता येणार नाही.”

दादानं मान हलवली. त्याला हो किंवा नाही हवं होतं, आणि ते मिळणार नव्हतं. बाहेर पुढचा रुग्ण थांबला होता, डॉक्टरांनी घाई केली नाही.

“सहा भाग झाले तिचे तेवढ्यात,” तो शेवटी म्हणाला. “चौथ्यापासून नवव्यापर्यंत. नववा पुरता नाही झाला.” मग उठला, औषधांची पिशवी टेबलावर ठेवली आणि गॅरेजकडे निघाला. तिथे एक गाडी सकाळपासून उघडी पडली होती.